विश्लेषण : गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात? चेंडूचे गणित मांडणाऱ्या प्राध्यापकाची आणि त्याच्या विजेत्या मुलाची कहाणी

क्रिकेटचा चेंडू चकचकीत ठेवण्यासाठी खेळाडू तो दिवसभर पँटवर घासतात. गोल्फचा चेंडू मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाच शेकडो खळगे घेऊन येतो. गुळगुळीत चेंडू हवेतून अधिक सहज जाईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसाच फटका गुळगुळीत चेंडूला मारला, तर तो खळगेवाल्या चेंडूच्या जेमतेम निम्म्या अंतरावर पडतो. हे कोडे सुटायला साठ-सत्तर वर्षे लागली. त्यातला पहिला मोठा टप्पा ज्यांनी गाठला, ते स्कॉटलंडमधील भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे पीटर गथ्री टेट. त्यांच्या संशोधनातला चेंडू अनेकदा मारला तो त्यांच्याच मुलाने, आणि त्या मुलाच्या मृत्यूनंतर दीड वर्षही टेट जगले नाहीत.

टेट कोण होते?

पीटर गथ्री टेट यांचा जन्म २८ एप्रिल १८३१ रोजी एडिनबरोजवळच्या डलकीथ या गावी झाला. वडील लवकर गेले. त्यानंतर एडिनबरोत मामाच्या घरी ते वाढले. एडिनबरो अकॅडमी या शाळेत त्यांची गाठ पडली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याशी. वीज आणि चुंबकत्व यांना एका सूत्रात बांधणारे मॅक्सवेल ते हेच. शाळकरी वयात जुळलेली ही मैत्री मॅक्सवेल यांच्या अखेरपर्यंत, म्हणजे १८७९ पर्यंत टिकली.

टेट पुढे केंब्रिजला गेले. १८५२ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत ते सर्वप्रथम आले. तेव्हा त्यांचे वय अवघे २० होते. १८५४ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात त्यांना गणिताचे प्राध्यापकपद मिळाले आणि १८५७ मध्ये तिथल्याच पोर्टर कुटुंबातील मार्गारेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६० मध्ये एडिनबरो विद्यापीठात भौतिकशास्त्राची जागा रिकामी झाली. अर्जदारांत खुद्द मॅक्सवेलही होते. निवड झाली ती टेट यांची. संशोधक म्हणून मॅक्सवेल थोर असले, तरी वर्गात शिकवण्याची हातोटी टेट यांच्याकडे अधिक आहे, असे तेव्हाचे मत होते. पुढची ४१ वर्षे टेट त्याच जागेवर राहिले. ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी हे त्यांच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक.

गोल्फखेरीज त्यांचे काम काय?

टेट यांच्या कामाचा आवाका मोठा होता. लॉर्ड केल्विन म्हणून पुढे ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला भौतिकशास्त्राचा ग्रंथ १८६७ मध्ये आला. एका पिढीने भौतिकशास्त्र त्यातूनच शिकले. त्याच वर्षी टेट यांनी एका खोक्यातून धुराची वर्तुळे सोडण्याचा प्रयोग थॉमसन यांना दाखवला. एकमेकांवर आदळूनही न मोडणारी ती वर्तुळे पाहून अणू म्हणजे अशीच एखादी भोवऱ्याची गाठ असावी, अशी कल्पना थॉमसन यांना सुचली. ती कल्पना चुकीची ठरली. पण तिच्यामुळे टेट यांनी गाठींचे प्रकार मोजून त्यांचे तक्ते तयार केले, आणि गणितातील गाठींच्या शास्त्राचा पाया त्यातून घातला गेला.

‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांचा अभ्यास केला. खोल पाण्याच्या प्रचंड दाबाखाली तापमापकांचे आकडे किती चुकतात, हे तपासण्याचे काम टेट यांच्याकडे आले होते. एडिनबरोच्या रॉयल सोसायटीचे सचिवपद त्यांनी १८७९ पासून मृत्यूपर्यंत सांभाळले. स्वभावाने मात्र ते भांडखोर होते. मित्रांसाठी लेखणी परजून वादात उतरणे ही त्यांची सवयच होती.

गोल्फचे वेड कसे लागले?

एडिनबरोपासून जवळ, समुद्रकाठी सेंट अँड्र्यूज हे गाव आहे. गोल्फची पंढरीच म्हणा ना. सुट्टी लागली की टेट सहकुटुंब तिथे जाऊन राहत. पहाटे उठून मैदानावर जायचे आणि दिवसात पाच-पाच फेऱ्या खेळायच्या, असा त्यांचा क्रम असे. दिवस पुरेना, तेव्हा त्यांनी रात्री खेळण्याचा घाट घातला. अंधारात चमकावेत म्हणून चेंडूंना फॉस्फरसचा लेप दिला. या खेळात त्यांचे साडू आणि विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर क्रम ब्राऊनही सामील झाले. फॉस्फरसने त्यांच्या हातमोज्याने पेट घेतला, हात भाजला आणि रात्रीच्या गोल्फवर पडदा पडला.

टेट स्वतः हौशी खेळाडू होते, मोठे खेळाडू नव्हेत. घराण्याचे नाव मैदानावर गाजवले ते त्यांच्या फ्रेडी या मुलाने. ११ जानेवारी १८७० रोजी जन्मलेला फ्रेडरिक गथ्री टेट ब्रिटिश लष्करात अधिकारी झाला. १८९६ आणि १८९८ मध्ये त्याने ब्रिटनची हौशी गोल्फपटूंची स्पर्धा जिंकली. व्यावसायिक खेळाडूही खेळतात त्या ओपन स्पर्धेत १८९६ आणि १८९७ अशी सलग दोन वर्षे तो तिसरा आला. दिलखुलास स्वभाव आणि जोरकस फटके यांमुळे स्कॉटलंडमधील प्रेक्षकांचा तो लाडका होता.

तेव्हाचा चेंडू कसा होता?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू म्हणजे पिसे ठासून भरलेली चामड्याची पिशवी. ती हाताने शिवावी लागे. त्यामुळे चेंडू महाग आणि पाण्यात भिजला की निकामी. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून बनणाऱ्या गटापर्चाचे चेंडू आले. गरम पाण्यात मऊ करून साच्यात दाबले की चेंडू तयार. स्वस्त, टिकाऊ आणि अगदी गुळगुळीत.

पण हा नवा कोरा चेंडू नीट उडेना. तो थोडा वर जाऊन झपकन खाली येई. दोन-चार फेऱ्या खेळून त्यावर वार पडले, ओरखडे उमटले, की तोच चेंडू सरळ आणि लांब जाऊ लागे. खेळाडूंच्या हे लक्षात आले. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. पुढे साच्यातच नक्षी कोरली जाऊ लागली. खळग्यांचा उगम असा मैदानावरच्या अनुभवातला आहे. हे का घडते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

टेट यांना नेमके काय खटकले?

टेट यांनी १८९० च्या आसपास या विषयाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. त्यांनी आधी साधे गणित केले. चेंडूचा वेग, त्याचे वजन, हवेचा अडथळा आणि गुरुत्वाकर्षण एवढेच धरले, तर चेंडू कुठवर जाईल आणि किती वेळ हवेत राहील, हे काढता येते. पण मैदानावरची मोजमापे या गणिताशी जुळेनात. चांगला मारलेला चेंडू सुमारे सहा सेकंद हवेत राहत होता. गणितानुसार तो त्याच्या कितीतरी आधी जमिनीवर यायला हवा होता. शिवाय त्याचा मार्गही विचित्र होता. फेकलेला दगड कमानीसारखा जातो. हा चेंडू मात्र आधी जवळपास सरळ जाई, कधी कधी जाता जाता अधिकच वर चढे आणि शेवटी उतरे. कोणीतरी त्याला खालून उचलून धरत असल्यासारखा.

तो आधार टेट यांना सापडला चेंडूच्या फिरकीत. फिरणारा चेंडू हवेत वळतो, हे न्यूटन यांनी १६७२ मध्येच टेनिसच्या चेंडूवरून नोंदवले होते. १८५२ मध्ये जर्मनीचे मॅग्नस यांनी त्यावर प्रयोग केले होते. डावी-उजवीकडची फिरकी चेंडू भरकटवते, हे गोल्फपटूंनाही ठाऊक होते. म्हणून फिरकी म्हणजे दोष, असाच समज रूढ होता. खुद्द टेटही तेच ऐकत आले होते. त्यांनी दाखवून दिले ते असे, की काठीचा तिरपा तोंडवळा चेंडूला मागच्या दिशेने फिरवतो. हा बॅकस्पिन असेल तर चेंडूच्या वरच्या बाजूची हवा मागे अधिक वेगाने सरकते आणि मागे जाणारा प्रवाह खाली ढकलला जातो. चेंडू हवेला खाली ढकलतो, तशी हवा चेंडूला वर ढकलते. लांब फटक्याचे रहस्य केवळ मनगटातल्या जोरात नसते, या उचलून धरणाऱ्या फिरकीतही असते.

हे सिद्ध कसे केले?

यासाठी टेट यांनी विद्यापीठातच गोल्फ आणला. अगदी जवळून मारलेला चेंडू चिकणमातीच्या जड लंबकावर आदळे. लंबक किती हलला, यावरून चेंडूचा वेग काढता येई. फिरकी मोजण्याची युक्ती तर अगदीच साधी होती. एका लांब, हलक्या फितीचे एक टोक चेंडूला जोडायचे आणि दुसरे जमिनीला पक्के करायचे. फटका मारल्यावर चेंडू मातीत रुतला, की फितीला किती पीळ पडले ते मोजायचे. जितके पीळ, तितक्या वेळा चेंडू फिरला. या प्रयोगांत फटके मारायला फ्रेडीही असे. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक घरचाच होता. या अभ्यासावरचे टेट यांचे मुख्य दोन शोधनिबंध १८९३ आणि १८९६ मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले.

बापलेकाची दंतकथा खरी का?

गोल्फच्या वर्तुळात एक गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. प्राध्यापक टेट यांनी गणिताने सिद्ध केले, की चेंडू ठरावीक अंतरापलीकडे जाऊच शकत नाही. दुसऱ्याच दिवशी मुलाने त्याहून लांब फटका मारून वडिलांना गप्प केले!

यातला फटका खरा आहे. जानेवारी १८९३ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या तेराव्या होलवर फ्रेडीने मारलेला चेंडू हवेत सुमारे २५० यार्ड गेला आणि गोठलेल्या जमिनीवर घरंगळत एकूण ३४१ यार्डांवर, म्हणजे ३१० मीटरहून अधिक अंतरावर थांबला. त्या काळच्या चेंडूने हे अंतर थक्क करणारे होते. पण वडिलांची मर्यादा होती ती न फिरणाऱ्या चेंडूची. फिरकी नसेल तर एवढेच अंतर, असे ते गणित सांगत होते. त्याहून लांब गेलेला चेंडू गणित खोटे पाडत नव्हता. उलट, फिरकी हाच कळीचा मुद्दा आहे, याला पुष्टी देत होता. विनोदासाठी अट गाळली गेली आणि दंतकथा तयार झाली.

फ्रेडीचे पुढे काय झाले?

१८९९ च्या हौशी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉन बॉल यांनी फ्रेडीला जादा होलवर हरवले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीबरोबर फ्रेडी आघाडीवर गेला. डिसेंबर १८९९ मध्ये मॅगर्सफाँटेनच्या लढाईत त्याच्या पायाला गोळी लागली. त्यातून बरा होऊन तो पुन्हा आपल्या तुकडीत दाखल झाला. ७ फेब्रुवारी १९०० रोजी कूडूसबर्ग येथे तो मारला गेला. तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

टेट या धक्क्यातून सावरले नाहीत. वर्षअखेरीस प्रकृती ढासळली आणि १९०१ मध्ये त्यांनी विद्यापीठाची जागा सोडली. ‘चॅलेंजर’ मोहिमेतले शास्त्रज्ञ सर जॉन मरे यांच्या घरी ते विश्रांतीसाठी राहिले होते. मरण्याच्या दोन दिवस आधीही त्यांनी आपल्या आवडत्या गणितावर एक टिपण लिहिले. ४ जुलै १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

मग खळग्यांचे उत्तर कोणी दिले?

चेंडू हवेत का टिकतो, हे टेट यांनी सांगितले. खडबडीत चेंडूला हवेचा अडथळा कमी का होतो, हा कोड्याचा दुसरा भाग होता. त्याची किल्ली टेट गेल्यानंतर तीनच वर्षांनी सापडली. १९०४ मध्ये जर्मनीचे लुडविग प्रांटल यांनी दाखवले, की हवेतून जाणाऱ्या वस्तूला हवेचा एक अतिशय पातळ थर चिकटून असतो आणि सारा खेळ तिथे होतो.

पुलाच्या खांबामागे नदीचे पाणी कसे घुटमळते, ते आठवा. चेंडूमागेही हवेचा असाच घुटमळणारा पट्टा तयार होतो. तिथे दाब कमी असतो, त्यामुळे चेंडू मागे ओढला जातो. गुळगुळीत चेंडूवरचा पातळ थर संथ आणि दुबळा असतो. तो चेंडूच्या मध्याआधीच पृष्ठभाग सोडतो आणि मागचा पट्टा रुंद होतो. खळगे या थरात खळबळ माजवतात. खळबळलेला थर बाहेरच्या वेगवान हवेतून जोर घेतो, चेंडूला अधिक मागेपर्यंत चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. ओढ जवळपास निम्म्यावर येते.

ठरावीक वेगानंतर गोळ्यावरचा अडथळा एकाएकी कमी होतो, हे १९१२ मध्ये प्रयोगातून दाखवले ते पॅरिसचा मनोरा उभारणाऱ्या गुस्ताव्ह आयफेल यांनी. १९१४ मध्ये प्रांटल यांनी गोळ्याभोवती बारीक तारेचे कडे बसवले आणि अडथळा कमी करून दाखवला. खळगे करतात तेच काम त्या तारेने केले होते.

खळगेवाला चेंडू मात्र बाजारात येण्यासाठी या सिद्धांताची वाट पाहत थांबला नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथे भिंगे आणि उपकरणे बनवणारे विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये खळग्यांचे पेटंट घेतले. त्याआधीच्या चेंडूंवर तुतीच्या फळासारखे उंचवटे असत. टेलर यांनी ते उलटे केले.

आजचा चेंडू कसा असतो?

आजच्या बहुतेक चेंडूंवर ३०० ते ५०० खळगे असतात. त्यांची खोली साधारण पाव मिलिमीटर. ते फार उथळ असतील तर थर खळबळत नाही, फार खोल असतील तर अडथळाच वाढतो. नियमानुसार चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम हवे. खळग्यांच्या संख्येवर बंधन नाही, पण चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडेल असा असावा लागतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात आपोआप सरळ जाणारा चेंडू आला होता. त्याचे काही खळगे मुद्दाम उथळ ठेवलेले होते. तो रोखण्यासाठीच समान रचनेचा हा नियम आला.

खळगे दोन कामे करतात. मागची ओढ कमी करतात आणि फिरणाऱ्या चेंडूला हवेवर पकड देऊन वर उचलणारा जोर वाढवतात. यातले दुसरे काम, म्हणजे फिरकीने मिळणारा आधार, टेट यांनी फिती आणि मातीच्या लंबकाने मोजायला घेतला होता. क्रिकेटमध्ये शिवण तिरकी धरून चेंडू स्विंग करणारा गोलंदाजही याच पातळ थराशी खेळत असतो. फरक इतकाच, की त्याला चेंडूच्या एकाच बाजूला खळबळ हवी असते आणि गोल्फपटूला ती सगळीकडे हवी असते.

सेंट अँड्र्यूजचे ते मैदान आजही खेळते आहे. तिथला तेरावा होलही आहे. फ्रेडीने गाठलेले ३४१ यार्ड आजचे व्यावसायिक खेळाडू अनुकूल वाऱ्यात पार करतात. पण त्यांच्या हाती खळग्यांचा चेंडू असतो आणि त्यामागे शतकभराचे शास्त्र. फ्रेडीजवळ गटापर्चाचा चेंडू होता, आणि तो इतका लांब कसा गेला, हे समजून घेणारे वडील.